भिंतीआडची अंबाडी

४ मे १९८६

तिन्ही रोपं पडायच्या बेतात. गुडघ्याच्या वर गेली आणि खोड अजून उदबत्तीच्या काडीएवढं. एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत अख्खी वीत, मधे नुसता फिकट, लिबलिबीत देठ. मॅट्रिकला संस्कृतात पहिला आलो तेव्हाच्या फोटोत मी असाच दिसतो. काल एकाला काठी लावली, तर ते काठीवर रेलून दमल्यासारखं उभं राहिलं.

बिया दीपाने आणल्या. आमची कन्या सिअ‍ॅटलला बायॉलॉजी शिकते. मार्चच्या सुट्टीत आली आणि कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी माझ्या हातात ठेवली. कुठून आणल्यास, विचारलं. "बाबा, डोन्ट आस्क." नाही विचारलं. लावायच्या कशा, एवढंच विचारलं. म्हणाली, टोमॅटो समजा आणि लावा.

त्याआधी हॉस्पिटलमधली एक नर्सही बोलली होती. केमोनंतर गोळ्यांनी माझ्या बायकोची, सुनेत्राची, उलटी थांबेना, तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाली, काही पेशंटना आणखी एका गोष्टीने बरं वाटतं, पण ती गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही.

गोष्ट म्हणजे गांजा. लिहिला एकदाचा. जुने वैद्य त्याला विजया म्हणत, घरात आम्हीही तेच म्हणतो. शेरिफ दारात आलाच तर निदान उच्चार शुद्ध असेल.

कुंड्या घरामागे, कुंपणाची भिंत आणि एसीचं धूड यांच्या सांदीत. तिथे कोणाची नजर जात नाही. ऊनही जात नाही, हे आज लक्षात आलं. इतका हुशार मी!

७ मे

केमो. दर तीन आठवड्यांनी बुधवारी. येताना दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली. दुसऱ्यांदा रस्त्याकडेला वाकलेली असताना तिने हाताने मला मागे राहायची खूण केली. चपलांवर उडेल म्हणून.

११ मे

गेल्या दिवाळीनंतर सुनेत्राचं पोटातलं दुखणं परत आलं, तेव्हापासून या घरात फोडणी झालेली नाही. मोहरी तडतडली की तिला उमळून येतं. मग मी अंगणात कॅम्पिंगचा स्टोव्ह मांडून स्वयंपाक करतो. आज बाहेर शंभर फॅरनहाइटच्या वर, त्यात हिंग-हळद. शेजारचा हॅरल्ड भिंतीवरून डोकावून म्हणाला, कॅम्पिंग का? हो म्हटलं.

केलेलं तिच्यासमोर जेवता येत नाही. गॅरेजमध्ये उभ्याने जेवतो, गाडीच्या बॉनेटवर ताटली ठेवून. जिने इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांना पहिल्या आठवड्यात जेवू घातलं, विमानतळावरून थेट, तिच्या घरात माणसाने वास येऊ नये म्हणून चोरून जेवायचं.

ती आज काय जेवली — अर्धं केळं. तेही राहिलं नाही.

१७ मे

नर्सरीत गेलो. काउंटरवरच्या बाईंना सांगितलं, टोमॅटोची रोपं फार उंच आणि लुकडी झालीत. किती उंच? दाखवलं. पानापानांत अंतर किती? दाखवलं. असा टोमॅटो मी पाहिला नाही, म्हणाल्या. भारतातलं बी आहे, म्हटलं. पौरोहित्य करणाऱ्या माणसाला खोटं इतकं सहज येऊ नये, पण आलं.

त्यांनी सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. सावलीत झाड उजेड शोधत नुसतं वर पळतं. त्याला ऊन द्या. वारा लागत नसेल तर रोज हाताने हलवा, हलल्याशिवाय खोड जाड होत नाही. मोठ्या कुंडीत लावताना देठ खोलवर पुरा. खत कमी. आणि शेंडा खुडा. वरचा शेंडा गेला की झाड पळायचं थांबतं आणि बाजूंनी फुटवे धरतं.

बाकी सगळं करीन. शेंडा खुडणार नाही. दोन ऑपरेशनं झाली सुनेत्राची. या घरात आता कापाकापी नको.

१८ मे

तिन्ही मोठ्या कुंड्यांत हलवली, निम्मा देठ मातीत. दिवसभर भर उन्हात ठेवली. शाबास, म्हटलं स्वतःला.

२० मे

पानं भाजली. कडेने पांढरी, मधे पापडासारखी. सावलीत वाढलेल्याला अ‍ॅरिझोनाचं ऊन एकदम दाखवायचं नसतं, हे नर्सरीच्या बाईंनी सांगितलं नाही. मी तरी कुठे विचारलं? टोमॅटोवाले गृहस्थ घाईत होते.

आता रोज सकाळी कामावर जाण्याआधी थोडा वेळ उन्हात, मग पुन्हा सांदीत. तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हात नेतात तसं. टाय घातलेला असतो.

२८ मे

केमो. काही लिहायचं नाही.

८ जून

टेंपीला एका नव्या घराची वास्तुशांत सांगून आलो. आठवडाभर कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात सदोष माल वेगळा काढतो, शनिवार-रविवारी पितांबर नेसून निर्दोष आयुष्यं चिंततो. संस्कृत येणारा इंजिनिअर मंडळात मी एकटाच, म्हणून मी गुरुजी. यजमान वयाने तिशीतले. बायकोला त्यांच्या उजवीला बसवलं, हाताला हात लावायला सांगितला. अखंड सौभाग्याचा आशीर्वाद द्यायची वेळ आली आणि आवाज गेला. पाणी प्यायलो. लोकांना वाटलं, उष्मा.

घरी आलो तर सुनेत्राने विचारलं, काय काय होतं जेवायला? जेवायला काय होतं हे ती हल्ली नेमाने विचारते. सांगितलं तर डोळे मिटून ऐकते. मी वांग्याच्या भरताचं जरा सविस्तर वर्णन केलं. "पुरे हो," म्हणाली, "आता वास यायला लागला." बेसिन घेऊन धावलो.

१४ जून

रोपांची नावं ठेवली. प्रथम, मध्यम आणि उत्तम, संस्कृत व्याकरणातले तीन पुरुष. सुनेत्रा म्हणाली, मुलीचं नाव ठेवायला तुम्ही चार महिने लावलेत, बारशाला पाळण्यात काय म्हणायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं.

भाजलेली पानं गळली. नवी आली ती जवळजवळ आहेत, वीतभर अंतरावर नाहीत. खालचा भाग मात्र अजून तसाच, बांबूसारखा उघडा.

२१ जून

रोज सकाळी एकेकाचं खोड धरून हलवतो. आज हे करताना वर पाहिलं तर खिडकीत सुनेत्रा. किती दिवसांनी हसत होती. हळूहळू बाहेर आली, खुर्चीवर बसली.

"काय बोलता हो त्यांच्याशी?"

काही नाही, म्हटलं. खरं तर मी रूपं म्हणत होतो. हात चालू असला की तोंडात धातूची रूपं येतात, लहानपणची सवय.

"बिचारी. माझ्यासारखीच अडकली तुमच्या तावडीत," म्हणाली. मग हात लांबवून तिने उत्तमला हलवलं. बांगडी कोपरापर्यंत सरकली. तिने ती खाली आणून पुन्हा घातली, जणू नेहमीचंच आहे. मी प्रथमकडे बघत राहिलो.

१० जुलै

कालचा बुधवार सगळ्यांत वाईट. पहाटे म्हणाली, मऊ भात करता का, तूप-मीठ घालून. केला. तिने ताटली मांडीवर घेतली. बराच वेळ बघितलं. भाताला हात लावून पाहिला — ऊन आहे का ते बघतात तसा. मग म्हणाली, घेऊन जा, आणि टाकू नका, तुम्ही खा.

गॅरेजमध्ये खाल्ला. सगळा. तिने विचारलं असतं.

विजया तयार व्हायला अजून तीन महिने. दीपा फोनवर म्हणाली, फुलं आल्याशिवाय उपयोग नाही, बाबा, अँड दे वोन्ट फ्लॉवर टिल फॉल. फोनवर आम्ही 'टोमॅटो' म्हणतो. तिला विचारलं, तीन महिने फार नाहीत ना गं? दीपा काही बोलली नाही. लांबचा कॉल, खरखर होती. तिचं गप्प राहणं मी खरखरीवर ढकललं.

२२ जुलै

संध्याकाळी धुळीचं वादळ. पूर्वेकडून तपकिरी भिंत चालत आली. मी कारखान्यातून निघालो होतो, रस्त्यात अडकलो. घरी पोचलो तर उत्तम मधोमध मोडलेला. नेमका त्या जुन्या, सावलीतल्या लांब कांडीवर. तिथे कधी बळ आलंच नव्हतं, मी वरून कितीही उपचार केले तरी.

तुटून वेगळा झाला नव्हता, सालीला लटकत होता. आइसक्रीमची काडी लावली आणि सुनेत्राची हॉस्पिटलची चिकटपट्टी गुंडाळली. ती दारात टेकून उभी होती. म्हणाली, घट्ट नको, श्वास घेऊ दे त्याला. मग आत गेली. तिथे अंधारात मी बसून राहिलो. झाडासाठी रडलो असं म्हणायला हरकत नाही.

३१ जुलै

काल केमो. डॉक्टरांशी ती एकटीच बोलली, मी गाडी दाराशी आणायला गेलो होतो. काय म्हणाले, विचारलं. "बघू म्हणाले." उलट्या नेहमीसारख्या.

उत्तम जगतोय. मोडलेल्या जागी गाठ आली आहे.

९ ऑगस्ट

आजचा दिवस तपशिलाने लिहिला पाहिजे. इथे नाही तर कुठे?

दुपारी उल्हास आणि पद्मिनी आले, बरोबर उल्हासच्या आई. माई अकोल्याहून चार महिन्यांसाठी आल्यात. पद्मिनी सुनेत्राची मैत्रीण, तिच्याजवळ बसली. उल्हास माझ्याशी कारखान्याचं बोलत होता. माईंना कार्पेटवर बसून कंटाळा आला, त्या अंगणात गेल्या. मला वाटलं, स्विमिंग पूल बघतील.

बाहेरून त्यांचा आवाज: "गुरुजी, अंबाडी लावली, सांगितलं नाही तुम्ही!"

मी बाहेर धावलो. त्या सांदीत उभ्या. खरोखरच पानं अगदी अंबाडीसारखी — बोटाबोटांची, कातरलेली, हे आजवर माझ्या का लक्षात आलं नव्हतं? उल्हास मागेच होता. मी म्हटलं, हो, अंबाडी. बी मागवलं होतं. उल्हास म्हणाला, बघ आई, गुरुजींनी अमेरिकेत अकोला केलं.

चहा टाकायला आत गेलो. चहाला किती वेळ लागतो? परत आलो तर माईंच्या पदरात जुडी. तिन्ही झाडांचे शेंडे, आणि शेंड्यांखालची कोवळी फांदी न् फांदी. अंबाडी खुडावी लागते, म्हणाल्या, नाहीतर अशी उंटासारखी वाढते, तुमच्याकडे बघायला कोणी बाई नाही वाटतं. मग सुनेत्रा घरात निजलेली आहे हे आठवून ओशाळल्या, माझ्या हाताला हात लावला. अशा बाईला, ती भाजी नव्हे, द्या परत, हे कसं सांगायचं? उल्हाससमोर? मंडळाच्या सेक्रेटरीसमोर? जुडी गेली.

ते गेल्यावर पाहिलं. तीन काठ्या उरल्यात. फुलं जिथे यायची ते टोकच नाही. मेपासून ज्याला हात लावला नाही ते.

सुनेत्राला सांगितलं. तिला हसू आवरेना, पोट दुखतं म्हणत हसली. मला हसता आलं नाही. म्हणालो, तुझ्यासाठी होतं ते.

१० ऑगस्ट

सकाळी पद्मिनीला फोन करून म्हणणार होतो की भाजी करू नका, औषध फवारलं होतं. उशीर झाला होता. माईंनी रात्रीच केली — कण्या घालून, वरून लसणाची फोडणी, तेलाला हात आखडला नाही. इथल्या अंबाडीला आंबटपणाच नाही म्हणाल्या, अमेरिकेत सगळंच गुळमट. उल्हासला पालेभाजी चालत नाही. पद्मिनीचा उपास होता. माईंनी एकट्यांनी खाल्ली, तीन भाकऱ्यांबरोबर. मग टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या माणसाला बघून हसत सुटल्या. मग भूक लागली म्हणून उरलेला वरणभात खाल्ला. मग आज दुपारपर्यंत झोप. उठल्या त्या ताज्यातवान्या, गुडघेही दुखत नाहीत म्हणे. आणखी अंबाडी मागितली आहे.

पद्मिनी संध्याकाळी एकटी आली. हळू आवाजात विचारलं, काय होतं ते? खरं सांगितलं. मला वाटलं, रागावेल, रागवायलाच हवं होतं. ती सुनेत्राच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. आतून दोघींचं हसणं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. उल्हासला बोलणार नाही, म्हणाली.

१२ ऑगस्ट

कामावर दिवसभर एकच विचार. माईंनी फुलं खाल्ली नव्हती, पानं खाल्ली. आणि त्यांना भूक लागली. दीपा म्हणते फुलांशिवाय उपयोग नाही — दीपाच्या पुस्तकात अकोल्याच्या माई नाहीत. मग ऑक्टोबरची वाट का बघायची?

माईंच्या हातून सुटलेली काही जून पानं आहेत. थोडी तोडून सावलीत वाळत घातली.

१७ ऑगस्ट

आणि बघा! खुडलेल्या प्रत्येक जागी दोन-दोन फुटवे. खालच्या उघड्या देठावरही, जिथे मला वाटलं होतं आता काही येणार नाही, तिथे हिरवे डोळे. नर्सरीच्या बाईंनी सांगितलं होतं ते खरं, शेंडा गेला की झाड पळायचं थांबतं. मला जमलं नसतं, माई देवासारख्या आल्या. शंख फुंकावासा वाटला.

सुनेत्रा म्हणते, यापुढे बुधवारी पद्मिनी नेईल. तुमची रजा संपवू नका, दीपा थँक्सगिव्हिंगला येईल तेव्हासाठी ठेवा. मी नाही म्हटलं. पद्मिनीही म्हणाली, गुरुजी, मला तेवढंच बरं वाटतं. ऐकलं दोघींचं.

२० ऑगस्ट

केमो. सकाळी निघण्याआधी दुधातून विजया दिली. तुपावर परतून, चिमूटभर, वेलदोडा घालून. पेला तिच्या हातात दिला आणि कामावर गेलो. सिग्नलला कारमधल्या कारमध्ये एक श्लोक म्हटला, कोणता ते लिहीत नाही.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती सोफ्यावर बसलेली. बसलेली! उलटी? एकदाही नाही. पद्मिनीने मान हलवली. थकल्या दिसत होत्या दोघी.

२१ ऑगस्ट

अर्धी वाटी भात, ताक. राहिलं.

२४ ऑगस्ट

मुगाची खिचडी. मीठ कमी आहे म्हणाली! मीठ कमी आहे!

७ सप्टेंबर

मंडळाचा गणपती. प्राणप्रतिष्ठा मी केली. सुनेत्रा आली, गुलबक्षी रेशमी साडी, डोक्याला स्कार्फ. सगळ्या बायका एक क्षण थबकल्या आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. तिने पंगतीत बसून एक मोदक खाल्ला, वर तूप मागून घेतलं. मी आरतीचं ताट धरून लांबून बघत होतो. माई शेजारी बसल्या होत्या, त्यांनी आपल्या पानातला अर्धा मोदक तिच्या पानात वाढला. तोही खाल्ला.

घरात परवा फोडणी केली. घरात, स्वयंपाकघरात, खिडकी न उघडता.

११ सप्टेंबर

कालही केमोनंतर काही त्रास नाही. सकाळी पेला, संध्याकाळी भूक. विजया नाव देणारा वैद्य कोण होता कोण जाणे, त्याला माझा साष्टांग.

२१ सप्टेंबर

मध्यम नर निघाला. सांध्यासांध्यांत बारीक घोस लटकलेत. दीपा म्हणते तो लगेच काढून टाका, नाहीतर बाकी दोघींत बिया भरतील आणि औषध राहणार नाही. म्हणजे प्रथम आणि उत्तम या स्त्रिया. तीन महिने मी त्यांना पुल्लिंगात हाक मारत होतो. सुनेत्रा म्हणाली, त्यात काय, मलाही तुम्ही लग्नानंतर वर्षभर 'अहो-जाहो' करत होतात.

मध्यमला उपटताना वाईट वाटलं. मुळं भरगच्च. खोड हाताच्या अंगठ्याएवढं झालं होतं.

५ ऑक्टोबर

आता त्यांना कोणी लुकडी म्हणणार नाही. कमरेइतकीच उंची, पण हात पसरले तर कवेत येणार नाहीत. आधाराच्या काठ्या काढल्या. फांदीफांदीला फुलोरा, संध्याकाळी सांदीत इतका उग्र वास की हॅरल्डने विचारलं, स्कंक आला होता का. हो म्हटलं. मला हल्ली काहीच अवघड जात नाही.

१ तारखेचा बुधवारही बिनत्रासाचा.

१२ ऑक्टोबर

सुनेत्राचे केस उगवताहेत! अंघोळीनंतर स्कार्फ काढून बसली होती. मागून उन्हात पाहिलं, डोक्यावर करडी लव. हात फिरवला. मांजराच्या पिल्लासारखं. तिने माझा हात तसाच धरून ठेवला, काढू दिला नाही.

पोटही थोडं धरलंय. नवी साडी नेसताना म्हणाली निऱ्या कमी पडतात. खाते आहे ना. दुपारभर झोपते, झोपू दे. किती महिन्यांची झोप साठलीय.

१९ ऑक्टोबर

पहिल्या फांद्या कापल्या. गॅरेजमध्ये दोरीवर उलट्या टांगल्यात, जिथे मी उभ्याने जेवायचो तिथेच वर.

कारखान्यात चारुदत्त म्हणून माझा ज्युनिअर आहे, पस्तिशीचा. त्याच्या बायकोला गेल्या आठवड्यात केमो सुरू झाला. तो लंचला डबा न उघडता बसला होता. काही बोललो नाही तेव्हा, पण ठरवलंय, निम्मं त्यांना द्यायचं. भीती कसली आता? समोर पुरावा आहे, दोन वेळा जेवणारा. तोंडी सगळं समजावून सांगेन — ऊन, शेंडा, दूध, वेलदोडा. आणि सांगेन, आमच्या घरी या, सुनेत्राला बघा.

सुनेत्राला संध्याकाळी हे सांगितलं. वाटलं, खूश होईल. पोळी हातात तशीच राहिली. म्हणाली, एवढ्यात बोलू नका त्याच्याशी.

२२ ऑक्टोबर

बुधवार. पेला दिला. कामावर गेलो. परत आलो तेव्हा तिने भाकरी केली होती, स्वतः, बसून. चारुदत्तला शुक्रवारी बोलावलंय, बायकोला घेऊन.

२३ ऑक्टोबर

आज जेवताना सुनेत्रा म्हणाली, त्यांना विजया द्या हो, पण माझं नाव पुढे करून नको. त्या मुलीला माझ्याकडे बघून आशा लावू नका.

मग सगळं सांगितलं. ऑगस्टपासून तिने केमो घेतलेला नाही. जुलैतच डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, उपयोग होत नाही, चालू ठेवलं तर थोडे महिने जास्त, पण असेच. तिने तिथेच नको म्हणून सांगितलं, मी गाडी आणेपर्यंत. बुधवारी पद्मिनी तिला कालव्याकाठच्या झाडांखाली नेऊन बसवायची. कधी दोघी रडायच्या, कधी डबा खायच्या.

मी विचारलं, आणि दूध?

"पहिल्या दिवसापासून सिंकमध्येच ओतलं. फार कडू होतं हो." मग ताट माझ्याकडे सरकवलं. "पण भूक खरी आहे. वाढा."

मी वाढलं.